मैदान सोडण्याच्या चार वेळा : अ‍ॅलिस्टर हिग्नेल यांचे प्रकरण

प्रकरणाचा आवाका

एखाद्या माणसाचे शरीर, त्याची आवड आणि त्याचे पोट भरण्याचे साधन या तिन्ही गोष्टी एकाच धाग्यात गुंफलेल्या असतील, तर शरीराने साथ सोडल्यावर त्याने काय करावे, हा या अभ्यासाचा विषय आहे. त्यासाठी इंग्लंडचे रग्बी खेळाडू, ग्लॉस्टरशायरचे क्रिकेटपटू, शाळेतील शिक्षक आणि पुढे रेडिओचे समालोचक झालेले अ‍ॅलिस्टर हिग्नेल यांचे आयुष्य समोर ठेवले आहे. ते सार्वजनिक जीवनात वावरलेले असल्यामुळे त्यांचे नाव झाकण्याचे कारण नाही. त्यांचे कुटुंबीय, डॉक्टर आणि सहकारी यांची नावे मात्र येथे दिलेली नाहीत. त्यांच्या आयुष्यात काही ना काही सोडून देण्याची वेळ चारदा आली. पहिल्यांदा ती शरीराने लादली आणि चौथ्यांदा शरीर त्याहून कितीतरी अधिक थकलेले असतानाही तारीख त्यांनी स्वतः ठरवली. हा फरक कसा पडला, हे समजून घेण्यासारखे आहे.

पार्श्वभूमी

हिग्नेल यांचा जन्म ४ सप्टेंबर १९५५ रोजी केंब्रिजशायरमधील ईली येथे झाला. वडीलही ग्लॉस्टरशायरकडून प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळले होते, त्यामुळे बॅट घरात होतीच. स्टॅफर्डशायरमधील डेनस्टन कॉलेज या शाळेत दोन्ही खेळ पक्के झाले आणि पुढे केंब्रिज विद्यापीठाच्या फिट्झविल्यम कॉलेजमध्ये प्रवेश मिळाला. विद्यापीठात असताना त्यांनी क्रिकेट आणि रग्बी या दोन्ही संघांचे कर्णधारपद भूषवले. केंब्रिज आणि ऑक्सफर्ड यांच्यातील क्रिकेटचा सामना उन्हाळ्यात लॉर्ड्सवर आणि रग्बीचा सामना डिसेंबरच्या थंडीत ट्विकनहॅमवर होत असे. या दोन्ही मैदानांवर नाणेफेकीला जाण्याचा मान फार थोड्यांच्या वाट्याला आला आहे.

ग्लॉस्टरशायर या कौंटी (जिल्हा) संघासाठी ते १९७४ मध्ये प्रथम खेळले. दक्षिण आफ्रिकेचे माइक प्रॉक्टर, पाकिस्तानचे झहीर अब्बास आणि सादिक महंमद अशी मंडळी त्या संघात होती. प्रॉक्टर यांचा दबदबा एवढा होता की लोक त्या संघाला थट्टेने ‘प्रॉक्टरशायर’ म्हणत. अशा संघात मधल्या फळीतला विद्यार्थी फलंदाज म्हणून जागा टिकवायची, तर धावांखेरीजही काही द्यावे लागते. हिग्नेल यांनी ते क्षेत्ररक्षणातून दिले. शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाच्या बॅटपासून दोन-चार पावलांवर, गुडघ्यांत वाकून ते उभे राहत. आज त्या जागी शिरस्त्राण आणि पायाला पॅड बांधल्याशिवाय कोणी उभे राहत नाही. त्या काळी शिरस्त्राणे नुकतीच कुठे दिसू लागली होती. जोरात मारलेला चेंडू अंगावर येत असताना डोळे उघडे ठेवणे, एवढाच काय तो तिथला बचाव होता.

रग्बीत ते फुलबॅक खेळत. ही सर्वांत मागची जागा असते. समोरचा गडी बाकी सगळ्यांना चुकवून आला की त्याला आडवे करण्याची अखेरची जबाबदारी फुलबॅकची, आणि उंच उडालेला चेंडू अंगावर धावून येणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांची पर्वा न करता झेलण्याची जबाबदारीही त्याचीच. दोन्ही खेळांत त्यांच्या वाट्याला अंगावर घेण्याचीच जागा आली, हे मला केवळ योगायोगाचे वाटत नाही.

मूळ अडचण

आपल्याकडे एका पिढीचे क्रिकेटपटू बँकेत किंवा एखाद्या मोठ्या कंपनीत नोकरी करत आणि संघासाठी रजा घेत, हे वाचकांना ठाऊक आहे. इंग्लंडमध्ये हिग्नेल यांच्यापुढचा पेच याहून अवघड होता. क्रिकेटमधील हौशी आणि व्यावसायिक हा भेद १९६२ मध्येच मोडीत निघाला होता, त्यामुळे कौंटी क्रिकेटपटूला उन्हाळ्याचे पाच महिने पगार मिळे. रग्बी युनियन, म्हणजे हिग्नेल खेळत तो रग्बीचा प्रकार, मात्र १९९५ पर्यंत कडकपणे हौशी राहिली. देशासाठी खेळले तरी मानधन नाही. १९८० मध्ये इंग्लंडचे कर्णधार असलेल्या बिल बोमाँट यांनी निवृत्तीनंतर आत्मचरित्राचे पैसे स्वतःकडे ठेवले, एवढ्यावरून त्यांना कित्येक वर्षे खेळाच्या कारभारापासून दूर ठेवण्यात आले. यावरून त्या नियमांची धार लक्षात यावी.

म्हणजे ज्या खेळात हिग्नेल देशासाठी खेळत होते, तो पोट भरणार नव्हता; जो पोट भरत होता, तो वर्षातले काही महिनेच भरत होता. शिवाय दोन्ही खेळ एकाच शरीराकडून वसुली करत होते.

पहिला निर्णय : एकच खेळ की दोन्ही

हा प्रश्न १९७५ च्या मे महिन्यात प्रथम टोकाला गेला. इंग्लंडचा रग्बी संघ ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर होता आणि इकडे केंब्रिजचा क्रिकेट हंगाम ऐन भरात होता. वय १९. त्यांनी दौरा स्वीकारला. ३१ मे १९७५ रोजी ब्रिस्बेनच्या बॅलिमोर मैदानावर त्यांनी इंग्लंडसाठी पहिला सामना खेळला. खेळ सुरू होताच मैदानात हाणामारी उसळली आणि तीन मिनिटे व्हायच्या आत इंग्लंडच्या माइक बर्टन यांना मैदानाबाहेर काढण्यात आले. आंतरराष्ट्रीय कसोटीत इंग्लंडच्या खेळाडूला बाहेर काढण्याची ती पहिलीच वेळ होती. उरलेला संपूर्ण सामना १५ ऐवजी १४ गड्यांनिशी खेळलेल्या संघात सर्वांत मागे उभा असलेला हा मुलगा होता. ऑस्ट्रेलियाने तो सामना ३०-२१ असा जिंकला. परत येऊन त्याच उन्हाळ्यात ते ऑक्सफर्डविरुद्ध केंब्रिजकडून क्रिकेटही खेळले.

येथे तीन वाटा होत्या. रग्बी सोडून क्रिकेटमध्ये झोकून देणे ही पहिली. ती पगाराची होती आणि शरीराला कमी झीज देणारी होती. क्रिकेट विद्यापीठापुरते ठेवून रग्बीला वाहून घेणे ही दुसरी. तिच्यात देशाचा सदरा होता, पण घरभाडे नव्हते. दोन्ही खेळ चालू ठेवणे ही तिसरी. हिग्नेल यांनी तिसरी निवडली. विद्यापीठात असेपर्यंत ती निभली, कारण विद्यापीठाचे वेळापत्रक खेळाडूच्या सोयीचे होते आणि पोटाचा प्रश्न अजून दारात आला नव्हता.

या निवडीची किंमत मोजताना १९७७ च्या फेब्रुवारीतील फ्रान्सविरुद्धच्या सामन्याकडे पाहावे लागते. ट्विकनहॅमवर इंग्लंड ४-३ असे हरले. इंग्लंडचे तिन्ही गुण हिग्नेल यांच्या एका पेनल्टी किकचे (प्रतिपक्षाच्या चुकीबद्दल मिळणाऱ्या किकचे) होते, आणि त्यांच्या इतर किक हुकल्या होत्या. त्यांतली आणखी एक जरी खांबांमधून गेली असती, तरी निकाल उलटला असता. फ्रान्सने त्या वर्षी तेच १५ खेळाडू घेऊन पाच राष्ट्रांच्या वार्षिक स्पर्धेतील चारही सामने जिंकले. पेनल्टी किक हे रोजच्या सरावाचे काम आहे. जो खेळाडू सप्टेंबरपर्यंत हातात बॅट घेऊन असतो, त्याच्या पायाला तो सराव किती मिळणार, हा प्रश्न मनात येतो. मात्र त्या दिवसाचे सगळे खापर दुहेरी खेळावर फोडणे अन्यायाचे होईल, कारण वाऱ्यात आणि चिखलात फक्त रग्बी खेळणाऱ्यांच्याही किक हुकत असत.

घोट्याची दुखापत आणि पहिला निरोप

१९७९ मध्ये हिग्नेल इंग्लंडसाठी पाच राष्ट्रांच्या स्पर्धेतील चारही सामने खेळले. १७ मार्च रोजी कार्डिफमध्ये वेल्सने इंग्लंडला २७-३ असे हरवले. तो त्यांचा चौदावा आणि अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला. घोट्याच्या दुखापतीने त्यांची रग्बी संपवली. तेव्हा त्यांचे वय २३ होते.

पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, बोमाँट यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडने १९५७ नंतर प्रथमच चारही सामने जिंकले. फुलबॅकच्या जागी डस्टी हेअर होते आणि तेही नॉटिंगहॅमशायरकडून प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळलेले. हिग्नेल यांनी १९७६ मध्ये चारही सामने हरलेल्या संघात मार खाल्ला, संघ उभा राहत असताना पाया भरला आणि छप्पर चढण्याच्या वेळी ते मैदानाबाहेर होते. खेळाडूच्या दुःखाचे मोजमाप आकड्यांत होत नाही, पण हे दुःख लहान नसावे.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की तिसरी वाट, जी एरवी उधळपट्टीची वाटली असती, तिनेच त्यांना सावरले. रग्बी गेली तरी क्रिकेट उरले होते. धावण्याचे वळण, एकदम दिशा बदलणे आणि अंगावर पडणारा भार यांचा जो ताण रग्बीत घोट्यावर येतो, तो क्रिकेटमध्ये तुलनेने कमी असतो. ग्लॉस्टरशायरसाठी ते १९८३ पर्यंत खेळले. एकूण १७० प्रथम श्रेणी सामने, ७,४५९ धावा आणि ११ शतके ही त्यांची कमाई. सरासरी तिशीच्या किंचित आत राहिली.

शाळा : दुसरा आणि तिसरा निरोप

केंब्रिजनंतर पोटाचा प्रश्न आला, तेव्हा त्यांनी शिक्षकाची नोकरी पत्करली. आधी ब्रिस्टलमध्ये आणि मग डॉर्सेटमधील शेरबर्न येथील शाळेत. ही निवड त्या काळच्या इंग्लंडमध्ये स्वाभाविक होती आणि तिच्यामागे एक रुळलेली व्यवस्था होती. निवासी शाळांना वर्गात शिकवणारा आणि दुपारी मैदानावर मुलांना घडवणारा माणूस हवा असे. विद्यापीठाचा खेळाडू त्यांना दोन्ही कामांसाठी चाले. खेळाडूला त्यातून बारमाही पगार, अनेकदा राहायला जागा आणि लांबलचक सुट्ट्या मिळत.

पण या व्यवस्थेतही एक फट होती. शाळेचे उन्हाळी सत्र जुलैपर्यंत चालते आणि कौंटीचा हंगाम एप्रिलमध्येच सुरू होतो. जुन्या काळी अनेक शिक्षक फक्त ऑगस्टच्या सुट्टीत कौंटीसाठी खेळत आणि त्यांच्यासाठी तेवढा महिना एखाद्या नियमित खेळाडूला बाहेर बसावे लागे. एकदिवसीय स्पर्धा आणि हंगामभराचे करार आल्यावर ही सोय मावळत गेली. शिक्षक व्हायचे तर पूर्णवेळ व्हायचे, खेळाडू व्हायचे तर हंगामभर खेळायचे, असे दोन तट पडले. १९८३ च्या हंगामाअखेर हिग्नेल २८ वर्षांचे होते. फलंदाज म्हणून ते वय मागे फिरण्याचे नव्हते. तरीही त्यांनी शाळेचा तट निवडला.

शाळाही मग १९८५ मध्ये सुटली आणि ते बीबीसी रेडिओच्या क्रीडा विभागात गेले. स्थिर नोकरी सोडून आवाजाच्या भरवशावर निघणे हे जोखमीचे होते. या निर्णयाकडे मी आदराने पाहतो, कारण तो कोणत्याही दुखापतीने लादलेला नव्हता. वर्गात ज्याने शिकवले आहे, त्याला गुंतागुंतीची गोष्ट समोर न दिसणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे उभी करण्याची सवय असते. रेडिओचे समालोचन म्हणजे नेमके हेच. ३० खेळाडूंच्या गर्दीत चेंडू कुठे आहे, कोणाच्या हातात आहे आणि मैदानाच्या कोणत्या कोपऱ्याकडे चालला आहे, हे ऐकणाऱ्याला क्षणाक्षणाला कळावे लागते. रेडिओ, मग काही काळ दूरचित्रवाणी आणि पुन्हा रेडिओ असा त्यांचा प्रवास झाला.

निदान

जानेवारी १९९९ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, हिग्नेल यांना मल्टिपल स्क्लेरोसिस असल्याचे निदान झाले.

या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू आणि मज्जारज्जू यांतील तंतूंभोवतीच्या मायलिन या आवरणावरच हल्ला करते. विजेच्या तारेवरचे आवरण सोलले गेले की प्रवाह जसा अडखळतो, तसे मेंदूकडून निघालेले संदेश अडखळू लागतात. परिणाम कुठे दिसेल, हे कोणत्या ठिकाणी आवरण झिजले यावर अवलंबून असते. पाय जड होतात, तोल जातो, नजर धूसर होते, बोलणे अडते किंवा झोप घेऊनही न जाणारा थकवा येतो. आजार बरा करणारे औषध तेव्हा नव्हते आणि आजही नाही. गती रोखणारी काही औषधे आता आहेत, तेव्हा ती मोजकीच होती. सर्वांत छळणारी बाब म्हणजे पुढचे वर्ष कसे जाईल, हे कोणताही डॉक्टर खात्रीने सांगू शकत नाही.

समालोचकाच्या दृष्टीने या यादीकडे पाहिले की धोका लक्षात येतो. त्याची सारी मिळकत नजर, वाणी आणि तासन्‌तास टिकणारे लक्ष यांवर उभी असते. पायांचीही गरज असते, हे मात्र बाहेरच्यांना सुचत नाही. इंग्लंडमधल्या जुन्या क्लबांच्या मैदानांवर समालोचनाची जागा उंच प्रेक्षागाराच्या माथ्याशी, अरुंद पायऱ्यांच्या टोकाला असते. धडधाकट माणूस सामानाची पिशवी खांद्यावर टाकून तिथे दोन मिनिटांत पोहोचतो. ज्याचा पाय उचलत नाही, त्याच्यासाठी त्या पायऱ्या म्हणजे नोकरी आणि घर यांच्यामधली भिंत असते.

पर्याय आणि तोललेल्या बाबी

अशा वेळी माणसापुढे सर्वसाधारणपणे चार पर्याय असतात आणि हिग्नेल यांच्यापुढेही ते होते. आजार जमेल तितके दिवस लपवणे. लगेच काम सोडून आहे ती शक्ती घरासाठी राखणे. पायऱ्या नसलेले, स्टुडिओतले बैठे काम मागून घेणे. किंवा आजार सांगून, आवश्यक ती मदत मागून, आहे तेच काम चालू ठेवणे.

लपवण्याचा मोह समजण्यासारखा आहे. करारावर काम करणाऱ्याला पुढचा करार मिळेल की नाही, ही धास्ती असते. कायद्याची साथही तेव्हा अर्धवट होती. ब्रिटनमध्ये अपंगत्वाच्या आधारावर भेदभावास मनाई करणारा कायदा १९९५ मध्ये झाला होता आणि कामाच्या जागी वाजवी फेरबदल करण्याचे बंधन मालकांवर आले होते. परंतु या आजाराच्या रुग्णाला निदानाच्या दिवसापासून कायद्याचे पूर्ण संरक्षण मिळू लागले ते डिसेंबर २००५ मध्ये. तोवर आजाराचा परिणाम रोजच्या व्यवहारावर दिसू लागला आहे, हे दाखवावे लागे. म्हणजे ज्या टप्प्यावर माणूस अजून चांगले काम करू शकतो आणि म्हणून मोकळेपणाने बोलायला हवा, त्याच टप्प्यावर तो बेवारस होता. भारतात २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश अपंगत्वाच्या २१ प्रकारांत केला आणि सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला कामावरून काढण्यास मनाई केली. खासगी नोकरीतल्या माणसाची स्थिती आपल्याकडे अजूनही तितकी भक्कम नाही.

प्रत्यक्षात काय झाले

हिग्नेल यांनी चौथा पर्याय घेतला. ते आजाराबद्दल उघडपणे बोलले, या आजाराच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या कार्यात सामील झाले आणि समालोचन करत राहिले. निदानानंतर तब्बल नऊ वर्षे. चालणे उत्तरोत्तर अवघड होत गेले, तरी शनिवारी रेडिओ लावणाऱ्याला ऐकू येत होता तो मैदानावरचाच माणूस.

हा निर्णय एकट्याच्या जिद्दीने पार पडला, असे लिहिणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. मैदानापर्यंत पोहोचवणारे, वर चढायला हात देणारे आणि खेळाच्या मध्यंतरात अडचण न करता जागा करून देणारे लोक असावे लागतात. त्यांनी मदत करावी यासाठी आधी त्यांना आजार माहीत असावा लागतो. उघड बोलण्याचा लाभ इथे आहे. लपवणाऱ्याला मदत मागता येत नाही आणि मदत न मागणारा पहिल्याच जिन्यावर अडतो.

मग थांबण्याचा दिवस त्यांनी स्वतः ठरवला. ३१ मे २००८ रोजी ट्विकनहॅमवर वॉस्प्स आणि लेस्टर या क्लबांमध्ये इंग्लंडच्या रग्बी साखळी स्पर्धेचा अंतिम सामना झाला. वॉस्प्सने तो २६-१६ असा जिंकला आणि इंग्लंडचे माजी कर्णधार लॉरेन्स डलालिओ यांचाही तो अखेरचा सामना होता. समालोचक म्हणून हिग्नेल यांनी तिथे निरोप घेतला. ब्रिस्बेनमध्ये १४ गड्यांच्या संघामागे उभे राहिल्याला त्या दिवशी बरोबर ३३ वर्षे पूर्ण होत होती.

परिणाम

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बीबीसीने त्यांना हेलन रोलसन पुरस्कार दिला. संकटाला सामोरे जाताना दाखवलेल्या धैर्यासाठी दिला जाणारा हा पुरस्कार १९९९ मध्ये कर्करोगाने निधन झालेल्या बीबीसीच्या क्रीडा निवेदिकेच्या नावाने आहे. पुढच्या नववर्षाच्या सन्मानयादीत त्यांना सीबीई हा किताब मिळाला. आजार मात्र तिथेच राहिला; पुरस्काराने तो मागे हटत नाही.

काय वेगळे करता आले असते

पहिला मुद्दा १९७५ ते १९७९ या काळाचा. दोन्ही खेळांच्या व्यवस्थापनांनी या खेळाडूकडे आपापल्या हंगामापुरते पाहिले. वर्षभराचा भार कोणी मोजला नाही, कारण मोजणारा कोणी नेमलेलाच नव्हता. ऑस्ट्रेलियाहून परतलेल्या १९ वर्षांच्या मुलाला महिनाभर सक्तीची विश्रांती देण्याचा अधिकार एखाद्या माणसाकडे असता, तर घोटा वाचला असता असे म्हणता येणार नाही, पण त्याची काळजी वाहणारा कोणीतरी असता.

दुसरा मुद्दा शाळेचा. शाळेने हंगामाच्या काळात त्यांच्या तासिका हलवून दोन-तीन वर्षे अर्धवेळ काम दिले असते, तर कौंटीलाही तिशीच्या उंबरठ्यावरचा फलंदाज मिळाला असता. शाळांनी ही लवचीकता पूर्वी ऑगस्टमध्ये दाखवली होती. नव्या वेळापत्रकाप्रमाणे ती वाढवण्याचा विचार झाला नाही.

तिसरा मुद्दा कायद्याचा आणि तो मला सर्वांत बोचणारा वाटतो. जानेवारी १९९९ आणि डिसेंबर २००५ यांच्यामध्ये जवळपास सात वर्षे आहेत. हिग्नेल यांना नाव होते, ओळख होती आणि ऐकणाऱ्यांचे प्रेम होते, म्हणून ते त्या सात वर्षांत बोलू शकले. त्याच काळात एखाद्या शाळेत शिकवणाऱ्या, ज्याचे नाव वर्गाबाहेर कोणाला ठाऊक नाही अशा शिक्षकाला हेच निदान झाले असते, तर त्याने मुख्याध्यापकांना ते सांगावे की नाही, याचे उत्तर इतके सरळ नव्हते. त्याला दुसऱ्या मजल्यावरचा वर्ग बदलून तळमजल्यावरचा मागायचा होता, आणि तो का मागतो आहे हे न सांगता तो मिळणार नव्हता.